शर्कराकंदाचे दोन हिवाळे

भोपाळमधल्या कोटऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन हिवाळे आम्ही पाय जपून टाकत काढले. पुढच्या व्हरांड्यात, आतल्या खोलीत खिडकीखाली, मोरीच्या कठड्यावर, माझ्या अभ्यासाच्या टेबलाखाली, जिथे म्हणून थोडं ऊन यायचं तिथे कागदाच्या नळ्या उभ्या असत आणि प्रत्येक नळीत एकेक रोप. पाहुणे आले की आई नळ्यांचे ट्रे पलंगावर उचलून ठेवायची आणि पाहुण्यांना स्टुलावर बसवायची. या नळ्या आम्हीच करायचो. बाबा ऑफिसातून जुनी वर्तमानपत्रं आणत. दुपारी शाळेतून आले की मी मैद्याची खळ शिजवायची आणि आईने एका तुटक्या लाटण्याभोवती गुंडाळलेल्या कागदाची कड चिकटवायची. खळीचा आंबूस वास, ओल्या कागदाचा वास आणि कागद फाडल्याचा तो लांब चरचर आवाज माझ्या डोक्यात असा बसला आहे की आजही अवधपुरीच्या आमच्या गल्लीत रद्दीवाला पेपर फाडून पुडा बांधायला लागला, तर मी खिडकी लावून घेते.

हे सगळं शर्कराकंदासाठी चाललेलं होतं. शर्कराकंद म्हणजे साखरेचं बीट; सॅलडमधल्या लाल बीटचा पांढरा, दांडगा भाऊ. गावात त्याला नुसतं चुकंदर म्हणत. बाबा राज्याच्या कृषी खात्यात होते. भोपाळपासून तासाभराच्या अंतरावर, बेरसियाच्या दिशेला, धरणाचा कालवा आल्यावर काही गावांची जमीन बिघडली होती. पाणी मुरून राहायचं, उन्हाळ्यात वर यायचं आणि येताना क्षार घेऊन यायचं. हिवाळ्यात त्या शेतांवर पांढरी पापडी धरलेली मी पाहिली आहे, जणू कुणी रांगोळी सांडून तशीच सोडून दिली आहे. आपल्याकडे याला चोपण म्हणतात, तिथे ऊसर म्हणत. गहू त्यात पिवळा पडून बसायचा. शर्कराकंद मात्र मोठा झाला की खारं पाणी सहज पितो. अडचण त्याच्या बाळपणाची. बी सरळ त्या मातीत टाकलं तर उगवतच नाही, उगवलं तर दोन पानांवर जळतं. म्हणून रोप दुसरीकडे चांगल्या मातीत वाढवायचं आणि पाच-सहा पानं झाली की नळीसकट नेऊन खाऱ्या जमिनीत लावायचं. कागद कुजतो, मूळ खाली सरळ जातं. मूळ वाकलं तर कंदाला पाय फुटतात, म्हणून नळी खोल हवी. बाबा हे कुणालाही समजावताना बोटांनी हवेत नळी काढून दाखवत आणि शेवटी म्हणत, "लहानपण गोड मातीत गेलं पाहिजे. मग पुढे कितीही खारट मिळू दे, तो तगतो." हे वाक्य त्यांनी इतक्या जणांपुढे म्हटलं की मला वाटायचं ते माझ्याबद्दलच बोलताहेत. मी सुखावून जायची.

बाबांबद्दल लिहिताना मला आधी हे लिहायला हवं की ते देखणे होते, त्यांचा आवाज चांगला होता आणि त्यांना माणसं भुलत. आजोबा नागपूरच्या सेक्रेटरिएटात कारकून होते. राजधानी हलली तसे दप्तरांच्या पेट्यांबरोबर भोपाळला आले. बाबा इथे वाढले, इथे शिकले, त्यांचं हिंदी अस्खलित होतं. तरी ऑफिसात ते "मराठी बाबू"च राहिले. त्यांच्यामागून आलेले वर चढले आणि चार इमलीला, बड्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत राहायला गेले. रविवारी आम्ही कधी त्या बाजूने स्कूटरवरून जात असलो की बाबा वेग कमी करत. झाडं, फाटकं, फाटकांवरच्या पाट्या. आई मागे बसलेली, ती दुसरीकडे बघायची. आई नागपूरची, बी.एस्सी. झालेली, वनस्पतिशास्त्र घेऊन. पुढे शिकायचं होतं, पण लग्न ठरलं. माझ्या लहानपणी तिच्या शिक्षणाची घरात एकच खूण होती. ती भाजी निवडताना पानाच्या मागची बाजू उजेडाकडे धरून बघायची.

शर्कराकंदाने तिला पुन्हा कामाला लावलं. खात्याकडे रोपवाटिका नव्हती, निदान बाबांच्या प्रयोगासाठी नव्हती, म्हणून बाबा बियांची पुडकी घरी घेऊन आले. बी दिसायला विचित्र, चुरगळलेल्या बुचाच्या तुकड्यासारखं, आणि एकातून दोन-दोन तीन-तीन अंकुर निघत. त्यातला एक ठेवून बाकीचे काढायचे. ते उपटायचे नाहीत, उपटले तर राहिलेल्याचं मूळ हलतं. नखकात्रीने मानेशी कापायचे. आई ते काम दुपारी, रेडिओ लावून, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन करायची. पुढे तिने आणखी एक केलं. बाबांना सांगून तिने गावच्या ऊसर भागातल्या विहिरीचं खारं पाणी डब्यातून मागवलं आणि लावणीच्या आधीच्या दिवसांत रोपांना ते पाजायला सुरुवात केली. आधी अगदी थोडं, मग जास्त. "एकदम नेऊन लावलं तर बिचकतात," ती म्हणाली. "ओळख करून दिलेली बरी." पहिल्या हिवाळ्यात त्या ओळख झालेल्या रोपांतली फारच थोडी मेली. त्या दिवसांत आई जेवताना बोलायची. आधी ती जेवताना कधी बोलत नसे. बाबा आणि ती ताटं समोर ठेवून मुळांबद्दल वाद घालत, वरण गार होऊन जाई, आणि मला वाटे की इतर मुलींच्या घरात असं काही नाही.

जेवणातही तेच असे. छाटलेली कोवळी पानं वाया जाऊ नयेत म्हणून त्यांची भाजी, पातळ भाजी, ज्वारीच्या पिठात घालून थालीपीठं. पहिल्या मोसमात कंद निघाले तेव्हा आईने ते किसून दुधात शिजवून हलवा केला. साखर घालावी लागली नाही. तोंडात टाकला की आधी गोड, मग पहिल्या घासामागून मातीचा वास येई, आणि मग घशाशी काहीतरी खरखरत राही. बाबा वाटी चाटूनपुसून खात. शेजारच्या श्रीवास्तव काकू म्हणाल्या, "भाभीजी, मीठा तो है, पर मिट्टी जैसा क्यों लगता है?" आई हसून म्हणाली, मातीतलं आहे ना.

लावणीला बाबा आम्हा दोघींना जीपमधून गावी नेत. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे गेंदाबाईची ओळख झाली. चाळिशीची असेल; उंच, हाडापेराने मोठी, डोक्यावरून घेतलेल्या लुगड्याच्या पदराचं टोक दातात धरून भराभर काम करणारी. तिचा नवरा वारला होता. धाकटा दीर प्रेमसिंह, त्याची बायको, सगळ्यांची मुलं असं एकत्र घर होतं, आणि घरात कारभार गेंदाबाईचा. त्यांची जमीन दोन जागी होती. एक मोठा तुकडा कालव्याच्या खालच्या अंगाला, तो पूर्ण ऊसर झालेला. दुसरा लहान, उंचावर, विहिरीजवळ, तिथे त्यांचा वर्षाचा गहू पिके. त्याला ते कुएँवाला खेत म्हणत. पहिल्या वर्षी गेंदाबाईने ऊसर तुकड्याची एक पट्टी आम्हाला दिली. "वैसे भी नमक ही उगता है इसमें," ती म्हणाली. मिरचीची रोपं लावायची सवय असलेल्या बायका, त्यांनी आईकडून एकदा बघून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत पट्टी लावून झाली. आई त्यांच्याबरोबर चिखलात बसली होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. गेंदाबाई सकाळी तिला बाईसाब म्हणत होती, संध्याकाळी जीजी म्हणायला लागली. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या पांढऱ्या जमिनीतून एकेक कंद निघाला तो माझ्या दोन्ही हातांत मावेना. गावातली माणसं येऊन कंद उचलून बघत आणि परत खाली ठेवत. प्रेमसिंहने एक चावून बघितला, थुंकला आणि पुन्हा चावून बघितला. त्या पट्टीतले थोडे कंद आम्ही घरी आणले, काही खात्याने तपासणीला नेले आणि उरलेले गावातल्या गुरांनी खाल्ले. गाव खूश होतं.

मग बाबांनी मोठा विचार केला. पुढच्या हिवाळ्यात सगळा ऊसर तुकडा लावायचा, आणि तुलना दाखवायला चांगल्या जमिनीतही लावायचा. चांगली जमीन म्हणजे कुएँवाला खेत. जवळच्या एका साखर कारखान्याशी बोलणं चालू आहे, ते कंद कापायचं यंत्र बसवताहेत, सगळा माल उचलतील, असं बाबांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला घरी सांगितलं होतं. प्रेमसिंह गव्हाचं शेत द्यायला तयार नव्हता. म्हणून बाबांनी आईला पाठवलं. दिवाळीच्या थोडं आधी आई आणि मी गेलो. ओसरीवर बसून आईने तिच्या नागपुरी हिंदीत समजावलं, "एक साल की बात है गेंदाबाई. कारखाना लेगा. अपने को तो बस पौधा जमाना है, वो मैं जमाके देती." प्रेमसिंह म्हणाला, "और नहीं लिया तो?" गेंदाबाईने त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं, "जीजी बोल रही हैं न." त्या वर्षी कुएँवाल्या शेतात गहू पेरला गेला नाही. आमच्या घरी त्या हिवाळ्यात इतक्या नळ्या होत्या की मी ओट्याखाली गोधडी टाकून झोपायची.

मागच्या महिन्यात माझ्या दिराचा मुलगा आला होता. तो मद्यार्काच्या कारखान्यात नोकरीला आहे. फोनवर त्याने मला व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा खारवट जमिनीत ट्रेमधली रोपं लावताहेत, यंत्राने, आणि एक मुलगा टोपी घालून सांगतो आहे की बी थेट पेरू नका, रोप करून लावा. "काकू, आता बीटपासून इथेनॉल काढतात," तो म्हणाला. "तुमचे बाबा काळाच्या फार पुढे होते." मी चहा ओतत होते, ओतत राहिले. बाबा चुकले असते तर मला किती बरं झालं असतं. पीक फसलं असतं, रोपं मेली असती, तर ती एक साधी सरकारी फजिती झाली असती आणि आम्ही सगळे पुढे कधीतरी त्यावर हसलो असतो. पण ते चुकले नव्हते. रोपांबद्दल ते जे म्हणाले त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि हेच मला आजही पचत नाही.

माघ संपत आला होता. दोन्ही शेतांत शर्कराकंद हिरवागार उभा होता. एका रविवारी बाबांनी त्यांचे वरिष्ठ सक्सेनासाहेब यांना जेवायला बोलावलं. नळ्या गेल्यामुळे घर मोकळं झालं होतं. आईने पुरणपोळ्या केल्या, कटाची आमटी, भजी, कोशिंबीर. सक्सेनासाहेब जाडसर, हसतमुख गृहस्थ. दुधात पोळी कुस्करून खाताना ते अगदी घरच्यासारखे वाटत होते. पुढच्या महिन्यात शेतावर मोठा कार्यक्रम ठेवायचा होता, वरून अधिकारी येणार होते, त्याचं बोलणं चाललं होतं. आई तुपाचं भांडं घेऊन वाढायला आली. सक्सेनासाहेब कौतुकाने बाबांकडे बघत म्हणाले, "भई, हिम्मत तो है आपकी. मिलवालों ने बरसात में ही साफ मना कर दिया था, फिर भी आपने पूरा रकबा लगवा दिया. मैं होता तो छोड़ देता." बाबा हसले, काहीतरी पुटपुटले. आईने साहेबांच्या पोळीवर तूप वाढलं. मग बाबांच्या पोळीवर वाढलं. मग माझ्या. "और लीजिए न," ती म्हणाली. जेवण झाल्यावर तिने साहेबांना बडीशेप दिली आणि फाटकापर्यंत सोडायलाही गेली. मी ओट्याशी भांडी गोळा करत होते आणि मला कळत होतं की काहीतरी झालं आहे, पण घर तर अगदी पहिल्यासारखंच होतं, पुरणाच्या वासासकट.

साहेबांची जीप वळली आणि आई आत आली. तिने हात पुसले. "पावसाळ्यात कळलं होतं तुम्हाला?"

"काय?" बाबा वर्तमानपत्र उघडत होते.

"कारखाना घेणार नाही ते."

"अगं, तसं काही ठाम नव्हतं. आपण पीक दाखवलं असतं तर त्यांचं मत बदललं असतं. अजून बदलेल."

"नाही म्हणाले होते की नव्हते म्हणाले?"

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. ते चिडले नव्हते, ते समजावत होते, आणि तो समजावण्याचा सूर मला चांगला ठाऊक होता, कारण त्याच सुरात ते मला गणित शिकवत. "हे बघ, माझं काम पीक आणून दाखवण्याचं आहे. विकणं हे दुसऱ्या खात्याचं काम. हा प्रयोग मोठ्यावर झाला नसता तर फाइल बंद झाली असती. तुझी दोन वर्षांची मेहनतही गेली असती."

"आणि गेंदाबाईला सांगायला नको होतं?"

"सांगितलं असतं तर लावलं असतं का त्यांनी?"

"मग मला का पाठवलंत?"

"तुझं ऐकतात त्या बायका," बाबा म्हणाले. खरं सांगते, त्यांनी ते कौतुक म्हणून म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकच होतं. आईने खाली वाकून जमिनीवरचं वाटीचं झाकण उचललं आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ऑफिसला गेल्यावर तिने मला शाळेचा ड्रेस बदलायला सांगितलं. आम्ही बेरसियाच्या बसने निघालो, फाट्यावर उतरून चालत गेलो. रस्त्यात ती एकदाच बोलली, "तहान लागली तर सांग." मी चौदा-पंधरा वर्षांची होते. मला सगळं समजलं होतं आणि मनातल्या मनात मी आईवर चिडले होते. मला वाटत होतं, ही जाऊन आता काय करणार आहे? कशाला जायचं?

गेंदाबाई अंगणात शर्कराकंदाची पानं बकऱ्यांना चिरून घालत होती. प्रेमसिंह खाटेवर बसून दोरी वळत होता. आम्हाला बघून गेंदाबाईने आत चहा सांगितला. आई बसली नाही. "गेंदाबाई," ती उभ्या उभ्याच म्हणाली, "कारखाना नहीं ले रहा. चुकंदर कोई नहीं लेगा."

"इस साल नहीं?"

"कभी नहीं. बारिश में ही मना कर दिया था उन लोगों ने."

गेंदाबाईचा विळा थांबला. बकऱ्या पानं ओढत होत्या. "तुमको पता था, जीजी?"

"नहीं. कल पता चला."

"और साहब को?"

साहब म्हणजे बाबा. मी आईच्या पदराला हात लावला. ती नाही म्हणेल असं मला वाटलं; नाही म्हणायला तिला काहीच लागणार नव्हतं. साहेबांनाही कालच कळलं, वरच्यांनी फसवलं, असं म्हणून घरी परत जाता आलं असतं. आईने पदर सोडवून घेतला नाही की माझ्याकडे बघितलं नाही. "साहब को पता था," ती म्हणाली.

प्रेमसिंहने दोरी खाली ठेवली. तो भावजयीकडे वळला. "कुएँवाला खेत," एवढंच म्हणाला. त्याची बायको चहा घेऊन दारात उभी होती, ती तशीच आत परत गेली. गेंदाबाईने विळा पुन्हा हातात घेतला. "अब उखाड़ के भी क्या," ती म्हणाली. "गेहूँ का टैम तो गया." एवढं बोलून ती पानं चिरायला लागली.

बाबांना हे त्याच आठवड्यात कळलं. घरात मोठं भांडण होईल म्हणून मी जीव मुठीत घेऊन होते. ते झालं नाही. बाबा आईला फक्त म्हणाले, "कार्यक्रम होऊ द्यायचा होता," आणि आई म्हणाली, "होईल की."

कार्यक्रम झाला. मंडप, खुर्च्या, गुलाबाच्या माळा. बाबांनी मला मुद्दाम नेलं होतं, मी नवा फ्रॉक घातला होता. आई गेली नाही. अधिकाऱ्यांसमोर दोन्ही शेतांतले कंद उपटून मांडले; खाऱ्या जमिनीतला कंद चांगल्या जमिनीतल्याच्या जवळपास भरला. टाळ्या पडल्या. बाबांनी हवेत बोटांनी नळी काढली आणि लहानपणाचं ते वाक्य म्हटलं, आणि पुन्हा टाळ्या पडल्या. मग फोटोसाठी गेंदाबाईला पुढे बोलावलं. ती आली. सरकार काही देईल या आशेने प्रेमसिंहनेच तिला पाठवलं होतं, हे मला नंतर समजलं. तिच्या हातात सगळ्यांत मोठा कंद दिला, मधोमध पाहुणे अधिकारी, एका बाजूला बाबा. फोटोवाला "मुस्कुराइए" म्हणाला, तेव्हा गेंदाबाई त्या पाहुण्यांकडे वळून, कंद तसाच धरून, स्पष्ट आवाजात म्हणाली, "साहब, इसको लेगा कौन?"

पाहुणे क्षणभर गोंधळले. मग त्यांनी तिच्या हातातल्या कंदावर थाप मारली आणि म्हणाले, "अरे अम्मा, भैंस को खिलाओ. दूध में शक्कर नहीं डालनी पड़ेगी." सगळा मंडप हसला. सक्सेनासाहेब हसले, मागे उभे असलेले ड्रायव्हर हसले. मी बाबांकडे बघत होते. गेंदाबाईचं घर त्यांना माहीत होतं, त्या ओसरीवर त्यांनी कितीदा ताक प्यायलं होतं. बाबाही हसले. नाइलाजाने, ओठ ताणून हसले असते तर मी कधीतरी त्यांना समजून घेतलं असतं. ते मनापासून हसले, मान मागे टाकून, त्यांचे पांढरेशुभ्र दात दिसले. तेवढ्यात फोटो निघाला. नंतर कितीतरी वर्षं तो आमच्या दिवाणखान्यात होता.

चैत्रात शेतं मोकळी करावी लागली. लिंबाखाली कंदांचे ढीग लागले. म्हशींना थोडे घातले, जास्त घातल्यावर त्या बिघडल्या. शेजारच्या गावी उसाचा चरखा होता, तिथे बैलगाडीभर नेऊन बघितले. चरख्यात कंद चेचला जाईना, नुसता लगदा होऊन अडकला, आणि चरख्यावाल्याने शिव्या देऊन परत पाठवलं. माझी परीक्षा झाली होती. आई मला घेऊन पुन्हा गावी जाऊ लागली. तिने पुस्तकातून काढलं होतं की कंद पातळ चिरून गरम पाण्यात ठेवला की गोडी पाण्यात उतरते. अंगणात चुली मांडल्या. गेंदाबाई, आई आणि मी विळीवर कंद चिरत बसायचो, हातांना काळा चिकट थर यायचा. पाणी आटवलं की कढईत गुळाऐवजी काळं, दाट असं काहीतरी उरायचं. घोटून घोटून ते घट्ट होईना, थापलं तर ताटात पसरायचं. चव आधी गोड, मग खारट, मग कडू. खाऱ्या जमिनीतले क्षार कंदाने प्यायले होते, ते आता कढईत आले होते. पोरांनी ते बोटांनी चाटलं आणि दोघांना जुलाब झाले. प्रेमसिंहने येऊन एक कढई लाथेने उपडी केली. उरलेले कंद उन्हात सुरकुतून मऊ पडले, त्यांना पाणी सुटलं, माश्यांनी ढीग काळे झाले. त्या वर्षी त्या घरात गहू विकत आला, आणि पावसाळ्याआधीच प्रेमसिंह बायकोमुलांना घेऊन भोपाळला इमारतींच्या कामावर निघून गेला. जाताना त्याने वाटणी मागितली. विहिरीजवळचं शेत त्याच्या वाट्याला गेलं.

आई तरीही जात राहिली. शेवटच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा घरात गेंदाबाई आणि तिची धाकटी मुलगी, दोघीच होत्या. ओसरी झाडलेली होती. तिने आम्हाला पाणी दिलं, गूळ दिला, उसाचा, विकतचा. आई नेहमीसारखी बोलायचा प्रयत्न करत होती. पुढच्या वर्षी ऊसर तुकड्यात ज्वारी टाकून बघू, म्हणत होती. गेंदाबाईने ऐकून घेतलं. मग आईच्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, "जीजी, अब मत आना." "तुमसे कोई बैर नहीं है," गेंदाबाई म्हणाली. "पर तुम आती हो तो गाँव में सबको याद आ जाता है कि मैंने किसकी बात मानी थी." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आईला त्याच्याशी काही करता आलं असतं.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. भोपाळ येईपर्यंत तिने मान वळवली नाही. आम्ही घरी पोचलो तेव्हा बाबा व्हरांड्यातच उभे होते, इतके आनंदात की ते धड उभेही राहत नव्हते. त्यांना बढती मिळाली होती. चार इमलीला बंगला मिळणार होता. फाटक, बाग, मागे नोकरांच्या खोल्या. "मंजू, तुला स्वतंत्र खोली!" असं म्हणत त्यांनी मला जवळ घेतलं. मग पेढ्यांचा पुडा उघडून आईसमोर धरला. आईच्या साडीला अजून गावाची धूळ होती. मला वाटलं ती पुडा उडवून देईल, निदान न घेता आत जाईल. तिने तसं करावं असं मला फार वाटत होतं.

आईने पेढा घेतला. तिथेच उभी राहून, सावकाश, बाबांच्या डोळ्यांत बघत तिने तो पूर्ण खाल्ला. "चांगला आहे," ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

त्यानंतर त्या दोघांनी खूप वर्षं संसार केला. चार इमलीला, मग बाबा निवृत्त झाल्यावर लहानशा फ्लॅटमध्ये, बाबा जाईपर्यंत. आईने त्यांची औषधं, त्यांचं पथ्य, पाहुणेरावळे, सगळं वेळच्या वेळी केलं. पण ताटं समोर ठेवून त्यांना वाद घालताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.